कंपनी अर्धी ड्युटीवर, अर्धी कागदावर

प्रश्न : मी पायदळाच्या एका कंपनीचा कमांडर आहे. वर्षभरासाठी आमच्याकडे एका तळाची सुरक्षा, आसपासच्या भागातली गस्त आणि ताफ्यांचं संरक्षण अशी कामगिरी आहे. हजेरीपटावर ११२ जण आहेत. रजा, कोर्स, आजारपण आणि इतरत्र दिलेली माणसं वजा केली की हातात ७८ उरतात. त्यातले ३४ रोज ड्युटीवर. दुसरीकडे वार्षिक प्रशिक्षणाची ३८ विषयांची यादी आहे. वर्ष संपायला पाच महिने उरलेत आणि निम्मे विषयही झालेले नाहीत. कमांडिंग ऑफिसर म्हणतात, ‘कामगिरीत ढिलाई नको आणि तक्ताही हिरवा दिसला पाहिजे,’ म्हणजे प्रशिक्षणाचे सगळे विषय पुरे झालेले दिसले पाहिजेत. शेजारच्या कंपनीचा तक्ता हिरवागार आहे. तो कसा झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातच गेल्या पंधरवड्यात आमचा एक जवान रात्रीच्या पहाऱ्यावर झोपलेला सापडला. आदल्या रात्री ड्युटी करून तो दिवसा फायरिंगसाठी रेंजवर गेला होता. साहेबांना त्याच्यावर कडक कारवाई हवी आहे. मी काय धरू, काय सोडू? आणि तक्त्यात काय भरू?
— एक कंपनी कमांडर

उत्तर : आधी त्या जवानाचं बघू. बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबतील, त्याचा थांबणार नाही.

पहाऱ्यावर झोपणं हा कुठल्याही सैन्यात गंभीर गुन्हा आहे आणि तसा तो असलाच पाहिजे. आत झोपलेल्यांचे जीव त्या एकाच्या भरवशावर असतात. त्यामुळे ‘बिचारा थकला होता, सोडून द्या’ असं मी म्हणणार नाही. पण चौकशीचा कागद साहेबांसमोर जाईल तेव्हा त्याला त्या जवानाच्या आधीच्या ७२ तासांचा तासावार तक्ता जोडलेला असू द्या. ड्युटी किती वाजता सुटली, रेंजची गाडी किती वाजता निघाली, परत कधी आला, हत्यार साफ करून कधी मोकळा झाला, पुन्हा पहाऱ्यावर कधी उभा राहिला. मधे झोपेचे तास किती पडले, ते त्याच कागदावर दिसेल. १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले होते : सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. बऱ्याच देशांत गाडी चालवणाऱ्यासाठी हीच मर्यादा आहे. तुमचा जवान त्या मर्यादेच्या बराच पुढे गेला होता आणि त्याच्या हातात भरलेली रायफल होती.

हा तक्ता जोडणं तुम्हाला जड जाईल, कारण पहाऱ्याच्या रोस्टरवर आणि रेंजच्या यादीवर शेवटची सही तुमचीच असणार. तरीही जोडा. शिक्षा ठरवणाऱ्याला दोन्ही याद्या एकत्र दिसल्या पाहिजेत. आजवर त्या एकत्र कुणी पाहिल्याच नाहीत, म्हणून तर हे घडलं. आणि आजच कंपनीच्या आदेशात एक ओळ घाला : रात्रीची ड्युटी करून आलेला माणूस ठरलेली विश्रांती पुरी होईपर्यंत कुठल्याही प्रशिक्षणाच्या यादीत दिसणार नाही. त्याला अपवाद करायचा असेल तर तो फक्त तुम्ही करायचा, हवालदाराने नाही.

आता मोठा हिशेब. तुम्ही ७८ उणे ३४ करून ४४ माणसं प्रशिक्षणाला मोकळी आहेत असं धरलेलं दिसतं. निदान तुमचे साहेब नक्कीच तसं धरतात. त्या ४४ मधून रात्रपाळी करून आलेले काढा. स्वयंपाकघर, गाड्या, स्टोअर, ऑफिस काढा. ऐनवेळी बटालियनने मागितलेली फटीक, म्हणजे किरकोळ अंगमेहनतीच्या कामांसाठीची माणसं, काढा. रोज वीसेक माणसं उरली तरी नशीब समजा. आणि ती वीस माणसंही रोज वेगळी, कंपनीच्या तिन्ही प्लाटूनमधून, म्हणजे तुकड्यांमधून, गोळा झालेली. आज सेक्शन कमांडर (प्लाटूनमधल्या छोट्या गटाचा प्रमुख) आहे तर मशीनगनवाला गस्तीवर; उद्या मशीनगनवाला सापडला तर सेक्शन कमांडर ताफ्यासोबत. अशा गर्दीला व्याख्यान देता येतं, सेक्शनचा हल्ला शिकवता येत नाही. तुमचे तास कमी आहेतच, पण त्याहून जास्त नुकसान या विखुरण्याने होतंय.

त्यावरचा उपाय जुना आहे आणि थोडा क्रूरही आहे. ड्युट्या सगळ्या कंपनीत समसमान वाटणं बंद करा. ७८ जणांच्या तीन प्लाटून म्हणजे साधारण २६ची एक. दोन प्लाटून मिळून ५२ जण सगळ्या ड्युट्या उचलतील आणि तिसरी पूर्ण मोकळी राहील : तिचा कमांडर, तिचे सेक्शन, तिची हत्यारं, सगळं एका जागी. दोन आठवड्यांनी चाक फिरवा. सहा आठवड्यांत प्रत्येक प्लाटूनला दोन सलग आठवडे मिळतात, म्हणजे उरलेल्या पाच महिन्यांत तीन फेऱ्या. अमेरिकी लष्करात बरीच वर्षं हिरवं, पिवळं, लाल असं चक्र वापरलं जातं. हिरव्या काळात युनिट फक्त प्रशिक्षण घेतं, लाल काळात पहारे, फटीक आणि रजा, पिवळ्या काळात मधलं काहीतरी. तुम्ही तेच छोट्या मापात करायचं.

याची किंमत काय, तेही सांगतो. आज तुमच्या ७८ जणांवर रोज ३४ ड्युट्या पडतात, म्हणजे शंभरातले ४४ जण कामावर. उद्या ५२ जणांवर तेच ३४ पडले की हा आकडा ६५ वर जाईल. ड्युटीवरच्या प्लाटून कुरकुरतील. म्हणून त्या चार आठवड्यांत त्यांच्यावर प्रशिक्षणाचा एक तासही लादू नका. ड्युटी, झोप, घरी फोन, बस. जवानाला कष्टांचं तितकं वाटत नाही, कष्टांना शेवट दिसत नाही याचं वाटतं. आणि मोकळ्या प्लाटूनला कुंपण घाला. बटालियनच्या ऑफिसातून ‘चार माणसं पाठवा’ असा फोन आला की ती चार माणसं ड्युटीच्या प्लाटूनमधूनच जातील. हे कुंपण पहिल्याच आठवड्यात तोडायचा प्रयत्न होईल, म्हणून त्याला कमांडिंग ऑफिसरची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. खरी आणीबाणी आली तर अर्थातच सगळे बाहेर पडतील. तुमच्या बटालियनमध्ये खरी आणीबाणी महिन्यातून किती वेळा येते, ते तुम्हीच मोजून बघा.

मग त्या दोन आठवड्यांत शिकवायचं काय? ३८ विषय हाती घेतलेत तर एक ना धड भाराभर चिंध्या. यादी समोर घ्या आणि प्रत्येक विषयाला विचारा : हे आलं नाही तर किती लवकर आणि किती माणसं मरतील? हे किती दिवसांत विसरलं जातं? आणि रोजच्या ड्युटीतच हे टिकून राहतं का?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. गाडी चालवणं, पोहणं, कवायत ही कौशल्यं शरीरात मुरतात आणि महिनोन्महिने टिकतात. पण ज्या कामात पायऱ्या पुष्कळ असतात, क्रम चुकून चालत नाही आणि पुढची पायरी कुठली याची आठवण करून देणारं समोर काही नसतं, ती कामं काही महिन्यांतच हातातून जातात. टूर्निके (रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा) बांधणं, जखमीला हलवण्यासाठी रेडिओवरचा संदेश, मशीनगन अडकली तर अंधारात ती मोकळी करणं, उलटलेल्या गाडीतून माणसं काढणं. बघा, या सगळ्या गोष्टी ‘लवकर मरतील’ या पहिल्या चाळणीतही अडकतात. वर्षातून एकदा दिवसभर प्रथमोपचाराचं व्याख्यान देऊन चौकटीत टिकमार्क करण्यापेक्षा गस्त निघण्याआधी पंधरा मिनिटं, दर आठवड्याला, प्रत्येकाने स्वतःच्या मांडीवर टूर्निके बांधून दाखवायची, हे कितीतरी मोलाचं. त्यासाठी रेंज लागत नाही, वेगळा दिवस लागत नाही आणि झोपही मोडत नाही. पहाऱ्याची पाळी बदलताना, ताफा सुटायची वाट बघताना असे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे भरपूर सापडतात. फक्त ते आधी ठरलेले हवेत आणि घेणारा सेक्शन कमांडर तयार होऊन आलेला हवा. ऐनवेळी ‘चला, काहीतरी घेऊ’ म्हटलं की गप्पाच होतात.

मोकळ्या प्लाटूनचे दोन आठवडे मात्र याच्यात घालवू नका. ते अशा गोष्टींसाठी राखून ठेवा ज्या अख्खी प्लाटून एकत्र असल्याशिवाय होतच नाहीत : रात्रीचं फायरिंग, फायर देत पुढे सरकणं, दबा धरून झालेल्या हल्ल्यातून बाहेर पडणं, जखमींसह माघार. तीन-चार कामं पक्की करा. बाकीची यादी शिल्लक राहील, राहू द्या.

‘पण कामगिरी हेच सर्वांत मोठं प्रशिक्षण’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. बहुधा ज्याला रेंजचं बुकिंग द्यायचं नाही असा कुणीतरी. यात तथ्य आहे, पण थोडंच. इस्रायलच्या सैन्याचं २००६ च्या लेबनॉन युद्धात काय झालं ते बघा. त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांच्या पायदळाचा वेळ वेस्ट बँक आणि गाझामध्ये नाके, झडत्या, धरपकड आणि गस्त यांत गेला होता. ती माणसं अननुभवी नव्हती; रोज हत्यार घेऊन बाहेर पडणारी होती. पण जुलै-ऑगस्टमधल्या त्या ३४ दिवसांत समोर हिजबुल्लाचे रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं घेऊन नीट खंदकात बसलेले लढवय्ये आले, तेव्हा रणगाडे, पायदळ आणि तोफखाना यांनी एकमेकांना धरून लढण्याची सवय मोडलेली निघाली. ज्या कामाचा रोज सराव होता ते त्यांना उत्तम येत होतं. ज्याचा नव्हता ते येत नव्हतं.

तुमच्या गस्तीचंही तेच होणार. एकाच वाटेवरून पन्नास वेळा काही न घडता परत आलेला जवान त्या पन्नास वेळांत एकच धडा शिकतो, की इथे काही घडत नाही. त्यामुळे गस्तीला प्रशिक्षण म्हणायचं असेल तर परत आल्यावर हत्यारं जमा करण्याआधी दहा मिनिटं बसवा : काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. सगळ्यात नवा जवान आधी बोलेल, कमांडर शेवटी. आणि एक काल्पनिक घाव घाला : ‘त्या पुलाशी तुमचा रेडिओवाला पडला असता तर पुढची तीन मिनिटं कुणी काय केलं असतं?’ उत्तर आलं नाही तर पुढच्या पंधरा मिनिटांच्या तुकड्याचा विषय आयता मिळाला.

इतकं करूनही वेळ उरला नाही तर फक्त सेक्शन कमांडर तयार करा. त्यांना आठवड्यातून दोन तास एकत्र आणणं तुम्हाला ड्युटीच्या काळातही जमेल. जमिनीवर माती पसरून नमुना करा आणि प्रसंग टाका. नऊ-दहा चांगले सेक्शन कमांडर असतील तर उरलेली कंपनी ते कोपऱ्याकोपऱ्यात घडवतात. ते कच्चे असतील तर तुमच्या मोकळ्या प्लाटूनचे दोन आठवडेही वायाच जाणार.

आता तक्ता.

तुमचं गणित जमत नाही यात तुमचा नालायकपणा आहे, हे आधी डोक्यातून काढा. अमेरिकी लष्करातल्या कंपनी कमांडरांच्या वेळेचा हिशेब संशोधक लेनर्ड वाँग यांनी २००२ मध्ये मांडला होता. वरून आलेलं सगळं सक्तीचं प्रशिक्षण पुरं करायला २९७ दिवस लागत होते आणि उपलब्ध दिवस होते २५६. वरच्या प्रत्येक खात्याने आपापला विषय सक्तीचा केला, बेरीज कुणीच केली नाही. २०१५ मध्ये वाँग आणि स्टीफन गेरास यांनी पुढचा प्रश्न विचारला : मग हे पुरं झालं असं सांगणारे अहवाल येतात कुठून? उत्तर तुम्हाला शेजारच्या कंपनीत दिसतंच आहे. खोटं लिहिणं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते खोटं वाटेनासं झालं होतं, आणि हे अधिकारी एरवी प्रामाणिक म्हणून ओळखले जाणारे होते.

खोट्या हिरव्या चौकटीने नक्की कुणाचं नुकसान होतं? २०१७ साली जपानमध्ये तळ असलेल्या अमेरिकी नौदलाच्या दोन विनाशिकांचे सुमारे दोन महिन्यांच्या अंतराने अपघात झाले. १७ जूनला ‘फिट्झगेराल्ड’ आणि मालवाहू जहाजाची टक्कर झाली, सात खलाशी गेले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ आणि तेलवाहू जहाजाची टक्कर झाली, दहा गेले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्येच सांगितलं होतं की या जहाजांवर मागणीचा ताण इतका आहे की प्रशिक्षणासाठी राखीव काळच उरत नाही. जून २०१७ पर्यंत जपानमधल्या क्रूझर आणि विनाशिकांची ३७ टक्के युद्धसज्जता प्रमाणपत्रं मुदतबाह्य झाली होती. जहाजं तरीही समुद्रात जात राहिली, कारण मुदत संपल्यावर सवलत मागायची सोय होती आणि ती मिळतही होती. ‘मॅकेन’वर त्या दिवशी काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले होते, आणि या जहाजाच्या सुकाणू यंत्रणेचं पुरेसं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. माणसं कमी होती म्हणून उसनी घेतली, वेळ नव्हता म्हणून शिकवलं नाही, काम थांबवायचं नव्हतं म्हणून निघाले. प्रत्येक निर्णय त्या-त्या दिवशी समजूतदारच वाटला असणार.

म्हणून न झालेला विषय झाला असं लिहू नका, आणि हवालदाराच्या किंवा क्लार्कच्या हातूनही लिहून घेऊ नका. खाली ढकललेलं खोटं तुमचंच राहतं, वर त्यांना एक वाईट धडा मिळतो. पण नुसतं ‘मी खोटं लिहिणार नाही सर’ म्हणत साहेबांसमोर जाऊ नका. त्यातून फक्त तुमचा स्वाभिमान दिसेल आणि त्यांचा प्रश्न तसाच राहील. त्यांच्याकडूनही वरून हिरवंच मागितलं जातंय.

एक पान घेऊन जा. वर तुमचा माणसांचा हिशेब : ११२, ७८, ३४ आणि खरे मोकळे वीस. खाली तीन पर्याय. पहिला, ३४ ड्युट्या तशाच ठेवून ३८ पैकी हे बारा विषय नीट होतील आणि हे सव्वीस होणार नाहीत. न होण्याने धोका काय, ते प्रत्येकापुढे एका ओळीत. दुसरा, अमुक दोन चौक्या एकत्र केल्या किंवा रात्री एका चौकीवर माणसाऐवजी कॅमेरा आणि फिरती गस्त ठेवली, तर सहा माणसं सुटतात आणि आणखी इतके विषय होतात. तिसरा, दुसऱ्या कंपनीने दोन आठवडे ताफे उचलावेत, त्यांचे आम्ही पुढे उचलू. मग इतकंच म्हणा : ‘सर, तिन्ही मी करून दाखवू शकतो. कुठला करायचा ते तुम्ही सांगा, आणि जे सुटतंय त्यावर तुमची सही द्या.’ निवड करण्याचा अधिकार त्यांचा आहे. ती निवड सध्या तुमचा रात्रपाळीचा हवालदार करतोय, कोण जागा सापडतो ते बघून.

सही मिळाली तर तिला मुदत घाला. सहा आठवड्यांनी हा कागद पुन्हा समोर येईल. मुदत नसलेली सवलत कायमची होते, नौदलाचं तेच झालं. बारा विषयांवर साहेब अडखळले तर वादात ताणू नका, चौदा करा. त्यांना एखादा असा विषय हवा असेल जो तुम्हाला फालतू वाटतो, तर तोही घ्या. त्याच्यावर कुणीतरी त्यांना प्रश्न विचारणार असेल.

आणि साहेब म्हणाले, ‘फार हुशारी नको, भरून टाक’? तर तक्त्यात खरं लिहा : ‘झाले नाही, माणसं ड्युटीवर.’ शेजारी तारीख आणि त्या दिवसाचं रोस्टर. याची किंमत तुमच्या वार्षिक अहवालात तुम्हाला मोजावी लागू शकते. तसं होणारच नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. मात्र अशा साहेबाशीही भांडण बटालियनच्या परिषदेत सगळ्यांसमोर काढू नका. आधी एकट्याने, कागदासकट, दोनदा भेटा. पुष्कळदा पहिल्या भेटीत ‘भरून टाक’ म्हणणारा माणूस दुसऱ्या भेटीत खुर्ची ओढायला सांगतो. कारण तोवर त्याने ते पान रात्री एकदा वाचलेलं असतं.

शेजारच्या कंपनीचं नाव या पानावर कुठेही येऊ देऊ नका. तिथल्या कमांडरला मात्र पानाची एक प्रत हातात द्या. तिसऱ्या पर्यायासाठी तुम्हाला त्याचीच माणसं लागणार आहेत, आणि त्याच्या हिरव्या तक्त्याखाली काय आहे ते तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक आहे.

तुमची बदली होईल तेव्हा कंपनी ताब्यात देण्याच्या फाइलमध्ये न झालेल्या विषयांची यादी सगळ्यात वर लावा, प्रत्येकाच्या शेवटच्या खऱ्या तारखेसकट. येणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात तिचाच उपयोग होईल.